शिकावे कसे, हे आमच्या मुलांस कोण शिकविणार?

जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पेरणीची धांदल सुरू असते. बियाण्याला पैसा लागतो, खताला लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी मुलांच्या वह्यापुस्तकांनाही लागतो. अशा वेळी आपल्या वस्तीतील आईबाप काय करतात, हे मी उमरखेडपासून वणीपर्यंत अनेक घरी पाहिले आहे. ते खताची एक गोणी कमी घेतील, पण मुलाचे दप्तर अडू देणार नाहीत. ज्या घराने धम्माची दीक्षा घेतली, त्या घराने शिक्षणाचीही दीक्षा घेतली, असे म्हणण्यास हरकत नाही. परमपूज्य बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून अभ्यास करणारे मूल हे आज आपल्या वस्तीतील नित्याचे दृश्य आहे, आणि त्याचा आपणांस अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि या दृश्याकडे पाहून स्वस्थ बसावे, अशी परिस्थिती नाही. मूल बसते, पुस्तक उघडते, ओठ हलवीत रात्री उशिरापर्यंत वाचते. आईला वाटते, मूल अभ्यास करीत आहे. मुलालाही वाटते, आपला अभ्यास झाला. आणि परीक्षेचा निकाल काही निराळेच सांगतो. मग दोष कोणाचा, असा प्रश्न उभा राहतो आणि बहुतेक वेळा उत्तर मिळते की, मुलाला डोकेच नाही. हे उत्तर मास्तर देतात, शेजारी देतात, आणि अखेर मूल स्वतःच स्वतःला देऊ लागते. हे उत्तर खोटे आहे. इतकेच नव्हे तर आपल्या समाजाला ते घातक आहे. हे दाखवून देण्यासाठी आणि त्यावर घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात दारव्हा तालुक्यातील एका गावी कामानिमित्त गेलो होतो. रविवार होता. विहारात मुलांचा अभ्यासवर्ग भरला होता. आठवीतील एक मुलगी कोपऱ्यात बसून विज्ञानाचा धडा वाचीत होती. वनस्पती आपले अन्न कसे तयार करतात, हा विषय. मी विचारले, "धडा समजला का?" ती म्हणाली, "हो, चारदा वाचला." मी पुस्तक मिटविले आणि म्हटले, "आता तुझ्या शब्दांत मला सांग." ती गप्प झाली. थोड्या वेळाने तिचे डोळे भरून आले. "मले येतच नाही, काका. मायं डोकंच नाही तसं."

न्यायालयात उभे राहणाऱ्या माणसाला या दोन वाक्यांतील घोटाळा तत्काळ दिसतो. "समजला" हे तिचे विधान होते, तो पुरावा नव्हता. पुरावा मागताच विधान कोसळले. पण लगेच तिने दुसरे विधान केले की, "डोकंच नाही," आणि त्यालाही पुरावा नव्हता. पाच मिनिटांच्या आत त्या मुलीने स्वतःविषयी दोन एकतर्फी निकाल दिले होते. पहिला अनुकूल, दुसरा प्रतिकूल. उलटतपासणी एकाही वेळी झाली नव्हती.

मी तिला म्हटले, "सगळा धडा राहू दे. तुला त्यातले काय येते, तेवढेच सांग." ती सांगू लागली. पान लागते, सूर्यप्रकाश लागतो, मुळांतून पाणी येते. पुढे हरितद्रव्य काय करते, हे तिला सांगता येईना. आणि पान कोणता वायू घेते व कोणता सोडते, येथे तिचा गोंधळ झाला. म्हणजे "धडा येत नाही" हे खरे नव्हते. धडा दोन ठिकाणी अडत होता. त्या दोन जागा पुस्तकात पुन्हा पाहावयास तिला दहा मिनिटे पुरली. चार वेळा वाचून जे झाले नाही, ते कोठे अडते हे कळल्यावर दहा मिनिटांत झाले. तिचे डोके पूर्वीही तेच होते आणि नंतरही तेच होते. बदलला तो फक्त स्वतःला प्रश्न विचारण्याचा प्रकार.

मी हे उपदेशकाच्या भूमिकेतून सांगत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. शाळेत असताना एका मास्तरांनी भर वर्गात मला ऐकविले होते की, तुम्हा लोकांनी पास होण्यापुरते पाठ करावे, समजून घेण्याच्या भानगडीत पडू नये. त्या शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. असे बोल ऐकलेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. दुःख याचे वाटते की, मी ते खरे मानले. यवतमाळला कायद्याचे शिक्षण घेताना कराराचा कायदा मी पाच वेळा वाचला, ओळींखाली रेघा मारल्या आणि त्याच विषयात नापास झालो. एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने मला वाचणे थांबवून कोऱ्या कागदावर लिहावयास बसविले, तेव्हा कळले की, माझ्या डोळ्यांची पानांशी ओळख झाली होती. माझी कायद्याशी ओळख झालीच नव्हती.

ओळख पटणे आणि ज्ञान होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि त्यांची गल्लत केवळ आपल्याच मुलांची होते असे नाही. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो थोडा वाचला आणि उरलेला वेळ उतारा बाजूस ठेवून आठवेल तेवढे लिहून काढण्यात घालविला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८३ टक्के आठवले, दुसऱ्या गटाला ७१ टक्के. पण एका आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटले. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपल्याला हा उतारा चांगला लक्षात राहील, असा विश्वास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक वाटत होता. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांची स्वतःविषयीची समजूत जर इतकी फसते, तर दारव्ह्याच्या आठवीतल्या मुलीने स्वतःला डोके नाही असे म्हणावे, हा केवढा अन्याय!

आपल्या विचारावर विचार करणे, आपल्याला काय कळले व काय कळले नाही याची जाणीव ठेवणे, यास शास्त्रज्ञ मेटाकॉग्निशन म्हणतात. जॉन फ्लॅव्हेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात हा शब्द रूढ केला. या जाणिवेच्या आधारे आपला अभ्यास आपणच आखणे, चालविणे आणि तपासणे, यास स्वनियमित अध्ययन असे म्हणतात. बॅरी झिमरमन यांनी त्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. अभ्यासापूर्वी आखणी, अभ्यास चालू असता स्वतःवर लक्ष, आणि अभ्यासानंतर स्वतःची तपासणी. शब्द अवघड असतील, पण त्यांतील विचार आपणांस परका नाही. धम्माच्या वाङ्मयात तो फार पूर्वी येऊन गेला आहे.

मज्झिम निकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. भगवान बुद्धांनी आपला पुत्र राहुल यास केलेला हा उपदेश. परंपरा सांगते की, त्या वेळी राहुल सात वर्षांचा होता. म्हणजे आज दुसरीच्या वर्गात बसणाऱ्या मुलाएवढा. भगवंतांनी त्याला विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुलने उत्तर दिले, पाहण्यासाठी. तेव्हा भगवंतांनी सांगितले की, त्याचप्रमाणे प्रत्येक कर्म पाहून पाहून करावे. कर्म करण्यापूर्वी पाहावे, करीत असता पाहावे, आणि केल्यानंतर पाहावे. ते अकुशल आहे असे दिसले तर करण्यापूर्वी टाळावे, चालू असता थांबवावे, करून झाले असेल तर जाणत्यापुढे उघड करावे आणि पुढे सावध राहावे. सुत्ताचा विषय शील आहे, शाळेचा अभ्यास नव्हे, हे मी जाणतो. परंतु सात वर्षांच्या मुलाला पूर्वी, चालू असता आणि नंतर असे तीन वेळा स्वतःकडे पाहावयास सांगता येते, त्याची तेवढी योग्यता आहे, असा विश्वास या उपदेशात आहे. सम्राट अशोकाने बैराट येथील शिलालेखात भिक्खूंनी व उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावे व मनन करावे म्हणून जी सात धम्मवचने नावानिशी सांगितली, त्यांत राहुलास केलेल्या उपदेशाचा समावेश आहे. उपासिकांचाही त्यात उल्लेख आहे, याकडे आपल्या माताभगिनींनी लक्ष द्यावे.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे आपण पुष्कळदा केवळ भक्तिभावाने पाहतो. ते अठरा अठरा तास अभ्यास करीत, एवढे मुलांना सांगून थांबतो. मुले ऐकतात, तास मोजतात आणि निराश होतात. त्या तासांची आखणी कशी होती, हे सांगितले तर मुलांच्या हाती काही लागेल. परळच्या चाळीत एकच खोली होती. माणसांचा वावर, चूल, गडबड, सारे तेथेच. चरित्रकार सांगतात की, सुभेदार रामजी भीमास लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्यास अभ्यासाला उठवीत. जागा मिळत नव्हती म्हणून त्या पितापुत्रांनी वेळ शोधून काढली. आपल्या अडचणीचे नेमके स्वरूप ओळखून तीवर नेमका उपाय योजणे, हीच अभ्यासाची आखणी होय. १९०७ साली मॅट्रिकची परीक्षा पार पडली ती या आखणीच्या बळावर.

दुसरा प्रसंग लंडनचा. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी प्रथम जसाच्या तसा स्वीकारला नाही; फेरलेखन करावयास सांगितले. ज्या मुलाला "डोकंच नाही" असे म्हणण्याची सवय आहे, त्याने हा प्रसंग मुद्दाम लक्षात ठेवावा. बाबासाहेबांनी त्यावरून आपली योग्यता मोजली नाही. कोणता भाग परीक्षकांस खटकला हे पाहिले, मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र सोडले नाहीत, आणि प्रबंध पुन्हा सादर केला. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी त्यांना मिळाली. पुढे १९५० साली त्यांनी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे महाविद्यालय काढले. आज ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. मिलिंद राजा हा नागसेन भिक्खूंना प्रश्न विचारणारा होता. उत्तरे देणाऱ्याचे नाव परिसरास मिळाले, नागसेनवन. आणि विद्येच्या मंदिरास नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्याचे. यातील मर्म प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावे.

येथे कोणी म्हणेल, "वकीलसाहेब, तुमचे म्हणणे खरे, पण आम्ही अंगठेबहाद्दर माणसे. आम्हाला मुलाचे पुस्तक वाचता येत नाही. आम्ही काय तपासणार?" हा प्रश्न मला अनेक मातांनी विचारला आहे आणि त्याला माझे उत्तर ठरलेले आहे. तुम्ही ही तपासणी आयुष्यभर करीत आलात, फक्त वावरात. पेरणीपूर्वी तुम्ही आभाळ पाहता, जमीन पाहता, गेल्या वर्षी कोणत्या तुकड्यात काय पिकले ते आठवता. डवरणी करताना पऱ्हाटीचे पान उलटून पाहता. वेचणी झाली की कोणत्या तासांत बोंडे कमी धरली आणि का धरली, याचा हिशेब रात्री बाजेवर बसून करता. पेरलेले उगवले नाही तर "आपली जमीनच करंटी" असे म्हणून कोणी वावर सोडून देत नाही. पाऊस कमी पडला का, बियाणे खराब होते का, खोल पडले का, हे तुम्ही पाहता आणि दुबार पेरणी करता. मुलाच्या अभ्यासाला एवढीच दृष्टी लावावयाची आहे. अक्षरओळख नसली म्हणून दृष्टी नसते, असे नाही.

म्हणून प्रत्येक घरात रोज तीन प्रश्न विचारले जावेत. त्यांसाठी आईबापास एकही अक्षर वाचता येण्याची गरज नाही. अभ्यासास बसण्यापूर्वी विचारावे, "आज काय शिकणार, आणि त्यातले तुला आधीच काय ठाऊक आहे?" मध्ये एकदा विचारावे, "कोठे अडले?" आणि शेवटी म्हणावे, "आता पुस्तक मीट आणि मला समजावून सांग." ज्या आईला विज्ञान ठाऊक नाही, तिला समजेल असे सांगणे हीच मुलाची खरी परीक्षा होय. आईला कळले नाही तर तिने मोकळेपणाने म्हणावे, "मले नाही समजलं, पुन्हा सांग." या वाक्याने मुलाचा उपकारच होतो. कारण सांगताना जेथे मूल चाचरते, तेथेच त्याचे अडलेले असते, आणि ती जागा त्याला स्वतःला दिसते. "किती वेळ अभ्यास केला?" हा प्रश्न मात्र आता घरातून हद्दपार करावा. त्याने मूल घड्याळाकडे पाहावयास शिकते, स्वतःकडे नाही.

विहारात याहून थोडे अधिक करता येईल. प्रत्येक मुलाने चुकांची एक वही ठेवावी. चाचणीचा कागद परत आला की चूक कोणती, ती का झाली आणि पुढे काय करावयाचे, या तीन गोष्टी लिहाव्यात. चूक का झाली, याचे उत्तर "अभ्यास कमी" असे मोघम चालणार नाही. माहितीच नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, पायरी गाळली, की घाई झाली, हे वेगळे सांगता आले पाहिजे. कारण रोग वेगळा तर औषध वेगळे. दुसरे असे की, चाचणीपूर्वी आपणांस किती गुण मिळतील याचा अंदाज मुलाने लिहून ठेवावा आणि निकालाशी ताडून पाहावा. आरंभी अंदाज पुष्कळ चुकेल. तो जसजसा जुळू लागेल, तसतसे मूल स्वतःला ओळखू लागले असे समजावे. तिसरे, दहावी-बारावीच्या मुलांनी फळ्यावर गणित सोडविताना मनातले विचार मोठ्याने बोलावेत; आपण कोठे थबकलो, कोणती वाट सोडली, हे लहानांना ऐकू द्यावे. इंग्लंडमधील एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन या संस्थेने २०१८ साली या विषयावर शिक्षकांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तीतही शिक्षकाने आपला विचार असा उघड बोलून दाखवावा, आणि ही शिकवण निराळा तास ठेवून न देता गणित, भाषा, विज्ञान यांच्या पाठांतूनच द्यावी, असे सांगितले आहे.

कापसाच्या दिवसांत आपल्या घरांची अडचण निराळी असते. आई पहाटे वेचणीला जाते. धाकट्यांचे, पाण्याचे, चुलीचे काम थोरल्या मुलीवर पडते. तिला रोज दोन तास बसता येणार नाही, हे मान्य करून आठवड्याची आखणी तिने आणि आईने मिळून रविवारी करावी. कोणत्या दिवशी कोणता अर्धा तास तिचा, हे आधी ठरवावे, आणि त्या अर्ध्या तासात घरातील मुलग्याने पाणी भरावे. मुलीचा वेळ हा सर्वांच्या कामातून उरला तर मिळणारा वेळ नव्हे. ज्या धम्मात मातांना व कन्यांना समान स्थान आहे असे आपण सांगतो, त्याची प्रचिती या अर्ध्या तासात आली पाहिजे.

दोन सावधगिरीच्या सूचना देणे आवश्यक आहे. एक, चुकांची वही हे शिक्षेचे साधन होऊ नये. ज्या घरात चूक दाखविल्यावर मार बसतो, त्या घरातील मूल चूक लपविण्याची विद्या शिकते. दुसरी, पाठांतराची निंदा करण्याचे कारण नाही. भिक्खूसंघाने भगवंतांचा उपदेश कित्येक शतके मुखोद्गत ठेवला, म्हणूनच तो आपल्यापर्यंत पोहोचला. पाढे, सूत्रे, शब्द पाठ असलेच पाहिजेत. आक्षेप आहे तो न कळता पाठ करण्यावर आणि पाठ झाले म्हणजे कळले असे मानण्यावर. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक धड्याखाली 'स्वाध्याय' असा शब्द छापलेला असतो. त्या स्वाध्यायाची उत्तरे मूल गाईडमधून उतरवून घेते. त्यात 'स्व' कोठेच नाही आणि 'अध्याय'ही नाही.

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार करतो. गरिबांच्या मुलांनी स्वतःच स्वतःला शिकवावे, असे सांगणे म्हणजे शासनाला आणि शाळेला मोकळे सोडणे नव्हे काय? हा आक्षेप रास्त आहे आणि एक वकील म्हणून मी त्याला बगल देणार नाही. मुलाने स्वतःची तपासणी करावी, याचा अर्थ शिक्षकाची रिकामी जागा रिकामीच राहावी असा होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१-क ने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आहे. त्यास अनुसरून झालेला २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याचे कलम २९ सांगते की, शिक्षण कृतीतून व शोधातून व्हावे, बालक भय व चिंता यांपासून मुक्त असावे, आणि बालकाला काय समजले व ते त्याला वापरता येते काय, याचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन व्हावे. कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करते. कलम २४ नुसार प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता जोखून त्यास लागेल ते जादा शिकविणे आणि पालकांची नियमित सभा घेऊन त्यांना मुलाच्या प्रगतीची माहिती देणे, ही शिक्षकाची कर्तव्ये आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या मूल्यमापनाला प्रगतिपत्रकात स्थान द्यावे, असे म्हटले आहे. धोरण म्हणजे कायदा नव्हे. परंतु कायदा आणि धोरण एकाच दिशेने बोट दाखवीत असता शाळेने दुसरीकडे पाहणे शोभत नाही.

प्रत्यक्षात काय होते? वर्णनात्मक नोंदी लिहावयाच्या असतात. अनेक ठिकाणी त्या ठराविक वाक्यांनी भरल्या जातात. वर्गातील चाळीस मुलांची प्रगती चाळीस सारख्या वाक्यांत लिहिली जाते. यावर उपाय कायद्यानेच दिला आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असतात, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व असते. आपली माणसे या समितीत नावापुरती असतात आणि सहीपुरती बोलावली जातात. आता त्यांनी तेथे तोंड उघडावे. इमारत, खिचडी व गणवेश यांविषयी बोलावेच. त्याबरोबर विचारावे की, तपासलेल्या उत्तरपत्रिका मुलांच्या हाती पडतात काय? चूक कोठे झाली, हे त्यांना सांगितले जाते काय? वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला बसविले जाते, की उत्तर दिले जाते? हे प्रश्न विचारणारी एक माता समितीत असली तर शाळेची हवा बदलते. हा कायदा आठवीपर्यंतच्या मुलांस लागू आहे. नववीपासून ते संरक्षण उरत नाही. तेथे मुलाच्या हाती उरते ते त्याने अंगी बाणविलेले वळण. म्हणून हे वळण आठवीच्या आत लागले पाहिजे.

अखेरीस मूळ मुद्द्याकडे येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जी धम्मक्रांती झाली, तिचा एक अर्थ असा होता की, माणसाची योग्यता जन्माने ठरते हा सिद्धान्त आम्ही अमान्य करीत आहोत. नुकतेच धम्माच्या मार्गावर आलेल्या कुटुंबांनी घरातील जुने देव विसर्जित केले, जुने विधी सोडले, कपाळी लिहिलेले नशीब नाकारले. परंतु ज्या घरातून नशीब गेले, त्याच घरात "मायं डोकंच नाही" हे वाक्य आले असेल, तर जुनाच सिद्धान्त नवे कपडे घालून आत शिरला आहे, असे समजावे. पूर्वी सांगत, तुझ्या जातीला विद्या नाही. आता मूल स्वतःच म्हणते, माझ्या डोक्याला विद्या नाही. दुसरे वाक्य पहिल्याहून अधिक भयंकर आहे. कारण ते बाहेरून कोणी लादीत नाही, ते आतून येते, आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही.

त्याविरुद्ध दाद एकाच ठिकाणी मिळते. आज संध्याकाळी वावरातून परतल्यावर, हातपाय धुऊन, आपल्या मुलाजवळ किंवा मुलीजवळ बसावे. तिच्या हातातील पुस्तक मिटवावे आणि प्रेमाने विचारावे, "सांग बरं बाई, आज कुठं अडलं तुयं?" ती पहिल्या दिवशी म्हणेल, "मले येतच नाही." तिला थांबू द्यावे. रागावू नये, उठून जाऊ नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. ज्या दिवशी ती म्हणेल, "सगळं येते, फक्त या एका ठिकाणी अडते," त्या दिवशी आपल्या घरातून नशिबाची शेवटची निशाणी गेली, असे समजावे.